बोलावणं बंद

किशोर मरगळेने पुतणीच्या कौतुकाचे फ्लेक्स पिरंगुटच्या चौकापासून थेट देवळाच्या कमानीपर्यंत लावले होते, आणि त्यात पुतणी शोधायला तुळजाबाईला चष्मा लावावा लागला. सगळ्यात मोठं तोंड हैबतरावांचं. त्याखाली किशोर दोनदा, एकदा हात जोडलेला आणि एकदा कानाला मोबाइल लावलेला. मग शुभेच्छुकांची रांग, त्यात कालपरवा मिसरूड फुटलेली पोरंसुद्धा. कोपऱ्यात पोरीचा बाप भैरू, टिकलीएवढा. आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप ती आरोही त्याच्या शेजारी, पांढऱ्या कोटात. नावाआधीचं ‘डॉ.’ मात्र धावत्या बसमधूनही दिसेल एवढं ठसठशीत होतं. पोरीचं मेडिकलचं अजून पहिलं वर्षच पुरं व्हायचं होतं.

तेवढ्यावर भागलं असतं तर तुळजाबाईने तोंड वाकडं करून सोडून दिलं असतं. पण तळाशी लाल अक्षरांत आणखी एक ओळ होती. बिरोबाच्या उत्सवानिमित्त मोफत आरोग्य तपासणी शिबिर, तपासणार आपल्याच कन्या डॉ. आरोही भैरू मरगळे. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी म्हणतात. किशोर तर त्या तुरीची आमटी पंगतीला वाढायला निघाला होता.

किशोर तुळजाबाईचा चुलतभाऊ, भैरू सख्खा. पिरंगुटच्या कंपन्यांना मजूर पुरवता पुरवता त्याच्या गळ्यात चेन आली, बुडाखाली गाडी आली, आणि आता पंचायत समितीच्या तिकिटासाठी त्याचा जीव टांगणीला लागला होता. तिकीट हैबतरावांच्या शब्दावर होतं. याच हैबतरावांच्या माळावर मरगळ्यांच्या बापजाद्यांनी म्हशी चारल्या आणि शिव्या खाल्ल्या. माळ बंगल्यांच्या प्लॉटिंगला गेला, म्हशी गेल्या, म्हणून शिव्याही थांबल्या, आणि किशोर त्याला समाजाची प्रगती म्हणत असे. देवाचं ठाणंही त्याने डोंगरावरून खाली स्वतःच्या प्लॉटवर आणलं होतं. आतूनबाहेरून पांढऱ्या टाइल्स. देवाला न्हाणीघरात बसवलं मेल्यानं, असं तुळजाबाई पहिल्याच दिवशी म्हणाली होती, आणि अजून तिचं मत बदललं नव्हतं.

मांडवात टेबल मांडलं होतं, त्यावर पांढरी चादर, आणि ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून मागून आणलेलं रक्तदाबाचं यंत्र. रांग कमानीपर्यंत गेली होती. सगळ्यांत पुढे नथूतात्या, भावकीतला सर्वांत म्हातारा माणूस, कुणी सांगितलं नसताना सदरा काढून खुर्चीत बसला होता. डॉक्टरचा पत्ता नव्हता.

डॉक्टर देवळामागे चुलाण्यापाशी कांद्याच्या पोत्यावर बसली होती, पांढऱ्या कोटाची घडी मांडीवर घेऊन. चुलाण्यावर देवाच्या बोकडाचं मटण रटरटत होतं आणि ते तुळजाबाईच्या ताब्यात होतं. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये तिची हयात गेलेली, त्यामुळे भावकीत मोठा स्वयंपाक निघाला की तिला मान मिळे, म्हणजे काम मिळे.

“हितं काय बसलीयास?” तुळजाबाई म्हणाली. “तिकडं नथूतात्या उघडाबंब बसलाय तुझी वाट बघत.”

“मी न्हाई बसणार तितं, आत्या.”

“का? लाज वाटतीया आमची?”

“नापास झालीया मी. फिजिऑलॉजीत.”

तुळजाबाईने रश्शातली पळी तशीच धरली. “त्ये काय असतं?”

“शरीर कसं चालतं त्याचा इषय. सोमवारी परत परीक्षा हाय. त्यात गेले तर माझी बॅच पुढं जाणार आन् मी मागच्या पोरांत बसणार. आन् त्या टेबलावर मला बसलेली कुणी व्हिडिओत धरली, कॉलेजला धाडली, तर परीक्षाबी न्हाई आन् कॉलेजबी न्हाई. डॉक्टर नसताना लोकं तपासणं गुन्हा हाय, आत्या.”

“मंग आलीस कशाला मरायला?”

“न आले तर माज आला म्हणत्यात. हेमलताकाकूच्या लेकीच्या पोराच्या बारशाला येत न्हाई म्हणाले, तर किशोरकाकानं अण्णांना जांब्याची खोली खाली करायला सांगितली. मंग आले. त्या दिवशी कॉलेजात चाचणी होती.”

आरोहीचे अण्णा, म्हणजे तिचा बाप भैरू, हिंजवडीत एका कंपनीच्या गेटावर रखवालदार होता. नोकरी किशोरने लावलेली, जांब्यातली खोलीही किशोरच्या चाळीतली. बायको गेल्यापासून भैरूने स्वतःच्या डोक्याने एकही गोष्ट ठरवलेली तुळजाबाईला आठवत नव्हती. पोरीला तिनेच वाढवली, आश्रमशाळेत तिनेच घातली, आणि मेडिकलला नंबर लागला तेव्हा पेढेही तिनेच वाटले. त्यामुळे नापास हा शब्द तिला स्वतःच्या थोबाडीत बसल्यासारखा लागला.

“आब्यास न्हाई केलास?”

“केला की. तोंडी परीक्षेत इचारलं, डोंगर चढताना छाती का धडधडती. आत्या, जल्म गेला माझा डोंगर चढण्यात. येत होतं मला. पन आश्रमशाळेत सगळं मराठीतनं शिकले, आन् हितं इंग्रजीत बोलायचं. मनात जुळवत बसले तवर सरांनी पुढच्या पोरीला हाक मारली. जाता जाता इचारलं, कुठल्या कोट्यातनं आलीस.”

“मंग?”

“सांगितलं. तेवढं एक उत्तर झटक्यात आलं.”

तुळजाबाईने त्या सरांच्या आईबापांचा उद्धार केला. आरोहीने तो ऐकून घेतला आणि खालच्या आवाजात म्हणाली, “होस्टेलातल्या पोरी माझ्यासारखं बोलून दावत्यात, हसत्यात. त्याचं काय एवढं न्हाई. पन त्यांच्या घरात आईबाप, मामा, समदे डॉक्टर. अडलं की फोन करून इचारत्यात. मी कुणाला इचारू? मलाच समदे इचारत्यात.”

त्या समद्यांत पहिला नंबर तुळजाबाईचाच होता. कॅन्टीनमध्ये कुणाचा गुडघा धरला, कुणाचं पोट बिघडलं, की ती थाटात फोन काढायची. थांबा, माझी भाची डाक्टर हाय. मग भर तासाला त्या पोरीने वर्गाबाहेर येऊन अनोळखी बायांचे गुडघे ऐकायचे. लेकराचं जावळ काढायचं, डॉक्टर पाहिजे. नवी गाडी आली, नारळ डॉक्टरने फोडायचा. मरगळ्यांच्या भावकीत पोरीला पुस्तक घ्यायला कुणी पुढे आलं नव्हतं, पण मिरवायला घेऊन जायला सगळे तयार होते. आणि सगळ्यांना वाटत होतं की आपण तिचा मान ठेवतो.

“तू हितंच बस,” तुळजाबाई म्हणाली. पळी तिने शेजारच्या बाईच्या हातात दिली आणि मांडवाकडे निघाली.

किशोर हैबतरावांच्या खुर्चीमागे उभा होता. तिने त्याला आणि भैरूला माइकच्या पाठीमागे ओढलं आणि काय ते दोन वाक्यांत सांगितलं. भैरूचा चेहरा पडला. किशोरचा जराही पडला नाही.

“अक्का, नापास हाय हे तिच्या तोंडावर लिवलंय का? पट्टा बांधायचा, हवा भरायची, आकडा सांगायचा. आमच्या जिममधलं पोरगं करतंय.”

“मंग त्यालाच बसव.”

“त्याच्या नावापुढं डॉक्टर न्हाई.”

“हिच्याबी न्हाई.”

“फ्लेक्सवर हाय की,” किशोर म्हणाला. तो थट्टा करत नव्हता. फ्लेक्सवर छापलं की ते खरं, यावर त्याची बिरोबापेक्षा जास्त श्रद्धा होती. “आन् साहेबांना मी शब्द दिलाय. घटकाभर बसली म्हणून काय मरत न्हाई ती.”

“तिचं कॉलेज जाईल म्हणतीया.”

“कॉलेज आपण बघू. साहेबांचा एक फोन लई झाला.”

भैरूने घसा साफ केला. “अक्का, बसू दे की घटकाभर. किशोर सांगतोय तर… खोलीचंबी हायेच.”

“गेटावर सलाम ठोकून ठोकून तुझा हात कपाळालाच चिकटलाय, भैरू,” तुळजाबाई म्हणाली. “पोरीच्या पाठीवर ठेवायला उरला न्हाई.”

हळदीकुंकवाचं ताट घेतलेली हेमलता मागे कधी येऊन उभी राहिली ते कुणाला कळलं नाही. किशोरची बायको. माहेर जांब्याचंच, पण हिंजवडीतल्या आयटीवाल्यांना खोल्या भाड्याने दिल्यापासून ती शुद्ध बोलायला लागली होती. तिच्या लेकाचं, निषादचं, इंजिनिअरिंग इतकी वर्षं चाललं होतं की त्याच्याबरोबरची पोरं लग्नं करून बाप झाली. त्याचा फ्लेक्स कुणी लावला नव्हता. नवऱ्याने भैरूच्या पोरीचा लावला, चौकापासून कमानीपर्यंत, आणि जाता-येता प्रत्येक खांबावर तो हेमलताला वाचावा लागत होता. आता तिने जे ऐकलं त्याने तिच्या चेहऱ्यावर एकदम तेज आलं. ताट तिने भैरूच्या हातात दिलं आणि माइक घेतला.

“सर्वांना कळवण्यात येते की आजचं शिबिर रद्द करण्यात आलेलं आहे,” ती म्हणाली. “आमच्या आरोहीताई नापास झालेल्या आहेत. तरी कोणीही रांगेत ताटकळत बसू नये.”

किशोरने माइक हिसकावला, पण स्पीकर चांगले होते. नापास हा शब्द प्लॉटच्या पलीकडे रस्त्यापर्यंत गेला. रांगेतल्यांनी आधी एकमेकांकडे बघितलं, मग कुजबुज सुरू झाली. सकाळी हिच्या हाताला गुण हाय म्हणणाऱ्या बाया आता पोरगी आधीपासूनच बावळट होती असं सांगू लागल्या. हिच्यापेक्षा म्हशी पाळल्या असत्या तर दूध तरी मिळालं असतं, असं एकजण म्हणाला, आणि त्याच्या घरात म्हशीच काय, कोंबडीही नव्हती. एकटा नथूतात्या खुर्ची सोडेना. नापास तर नापास, पन माझं बीपी बघ म्हणावं, असा त्याचा धोशा चालू होता.

हैबतराव उठले. त्यांना राग आला नव्हता. ते फार समजूतदारपणे बोलले. “किशोर, मनाला लावून घेऊ नकोस. कोट्यातून का होईना, तिथवर पोरगी पोचली हेच खूप. पुढचं यांना झेपत नाही. त्यात त्यांचा काही दोष नाही.”

आरोही तोवर देवळाला वळसा घालून पुढे आली होती. “झेपत न्हाई असं न्हाई, साहेब,” ती म्हणाली. “बाकीच्या इषयांत पास हाय मी.”

हैबतरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, लहान पोरीच्या ठेवावा तसा, आणि ते गाडीकडे गेले. तिकिटाबद्दल शब्द नाही, निरोपाचा नमस्कार नाही. त्यांच्या ड्रायव्हरने मात्र मटणाचा डबा आठवणीने भरून घेतला.

गाडी कमानीबाहेर पडली आणि किशोरला वाचा फुटली. बायकोवर ओरडायची त्याची छाती नव्हती, म्हणून तो भैरूवर ओरडला. “भैऱ्या, आजपासनं तुझ्या घराला माझं बोलावणं बंद. लगीन, बारसं, जावळ, देव, काय काय न्हाई. ही पोरगी माझ्या मांडवात परत पाय ठेवणार न्हाई. भावकीतबी कुणी बोलवायचं न्हाई तिला. बघतो कोण बोलवतंय.”

भैरू हळदीकुंकवाचं ताट धरून किशोरपुढे वाकला. “असं नगं करू रं, किशोर,” तो म्हणत राहिला.

तुळजाबाईने शिवी द्यायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. असं तिच्या आयुष्यात फार थोड्या वेळा झालं होतं. लग्न नाही, बारसं नाही, जावळ नाही. किशोरने रागाच्या भरात काय देऊन टाकलं होतं हे त्या गाढवाला कळलं नव्हतं, आणि भैरू ते परत करायला निघाला होता. तिने भैरूला कोपराने बाजूला सारलं.

“किशा, ही तोंडची वाफ झाली,” ती म्हणाली. “उद्या तिकीट मिळालं की तूच गाडी धाडशील तिला आणायला. खऱ्या बापाचा असशील तर भंडारा उचल.”

देवापुढच्या परातीतली हळद, म्हणजे भंडारा, मुठीत घेऊन दिलेला शब्द मरगळ्यांत कुणी मोडत नसे. जमिनीच्या कागदांवर बिनदिक्कत खोटे अंगठे उठवणारा किशोरही भंडाऱ्याला टरकून होता. पण एवढ्या लोकांसमोर बाप काढल्यावर त्याला मागे फिरता येईना. तो तरातरा गाभाऱ्यात गेला आणि त्याने मूठ भरली.

“काय बोलायचं?”

“मी सांगते तसं बोल,” तुळजाबाई म्हणाली. “ही पोरगी डाक्टरकीचा शेवटचा पेपर पास हुईस्तवर तिला कार्याला बोलवणार न्हाई. फोन करणार न्हाई. गोळी इचारणार न्हाई, दुखलंखुपलं सांगणार न्हाई. तिच्या बापाच्या दारात पाय ठेवणार न्हाई.” तिने भैरूकडे बोट केलं. “खोली खाली कर म्हणायलाबी न्हाई. संबंध तोडला म्हंजी तोडला.”

“न्हाई, न्हाई, न्हाई,” किशोर ओरडला. पिवळी मूठ त्याने कपाळाला लावली आणि पांढऱ्या शर्टावर पुसली.

मग हेमलता आली. तिने भंडारा हसत हसत उचलला, हळदीकुंकवाला बसल्यासारखा. तिच्यामागे तपासणीची रांग तशीच्या तशी देवळाकडे वळली. फुकट काही मिळत असेल तर मरगळे सहसा रांग सोडत नाहीत. एकेक जण आत जाऊन, पोरीला टाकल्याचं समाधान तोंडावर घेऊन, पिवळ्या हाताने बाहेर येत होता. आरोही मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. सुरुवातीला तिचे डोळे भरले होते. ‘गोळी इचारणार न्हाई’ हे चौथ्यापाचव्या तोंडून ऐकल्यावर तिने आत्याकडे बघितलं आणि बघतच राहिली.

नथूतात्याची पाळी आली. त्याने मूठ भरली, पण शब्द उच्चारेना. “तुळजे, आन् मी मेलो तर? तवाबी बोलवायचं न्हाई?”

“मेल्यावर तुमाला डाक्टर कशाला पायजे, तात्या?”

नथूतात्याने विचार केला. त्याला ते पटलं, आणि त्याने शब्द दिला.

बाहेर आल्यावर हेमलताच्या मनात काहीतरी खुटखुटायला लागलं होतं. “वन्सं, म्हणजे आमच्या निषादच्या लग्नालाही यायचं नाही का तिने? मुलीकडच्यांना मी सांगून ठेवलंय, आमच्या घरात डॉक्टर आहे म्हणून.”

“नापास हाय म्हणून सांग. माइक हाये की तुझ्याकडं.”

हेमलताचं तोंड एवढंसं झालं. पण ती हार मानणाऱ्यातली नव्हती, आणि तुळजाबाईला ती कितीही आवडत नसली तरी तिची नजर तीक्ष्ण होती. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “भैरूभावजी बाप आहेत, त्यांचं सोडा. पण वन्सं, तुम्ही राहिलात. त्या पोरीला सगळ्यात जास्त फोन तर तुमचेच असतात.”

हे तुळजाबाईने हिशोबात धरलंच नव्हतं. सगळ्या भावकीला दारं लावताना आपण आत उभ्या आहोत असं तिने गृहीत धरलं होतं. फोन बाकीच्यांनी करायचे नव्हते; बाकीचे मूर्ख होते. रोज संध्याकाळी चपात्यांचं पीठ हातावरून धुऊन ती पोरीला फोन लावायची, जेवलीस का विचारायची, मग कॅन्टीनचं गाऱ्हाणं, मग स्वतःची शुगर, आणि मग पोरगी पुस्तक उघडे तेव्हा तिचे डोळे मिटत असत. हे तिला आत्ता, हेमलताच्या तोंडाकडे बघताना कळलं, आणि हेमलताकडून कळावं याचा तिला भयंकर संताप आला.

“आत्या, तू नको उचलू,” आरोही म्हणाली.

“का? मी काय वरनं पडले?”

“तुझी शुगर कोण बघणार?”

“पिरंगुटात ढीगभर दवाखाने हायेत. तितं पास झालेले डाक्टर बसत्यात.”

ती आत गेली. परातीत तळाला थोडीच हळद राहिली होती, ती तिने खरवडून घेतली. शब्द तिनेच घातलेले, तरी म्हणताना दोनदा अडखळली. बाहेर आली तेव्हा तिने कुणाकडे बघितलं नाही. पोरीची पिशवी उचलली आणि तिला घेऊन रस्त्याला लागली. मागे पंगत बसायला लागली होती आणि मटणात मीठ कमी आहे अशी ओरड सुरू झाली होती.

पौडकडून येणारी बस लवकर आली. आरोही पाया पडायला वाकली, तर तुळजाबाईने तिला दंडाला धरून तसंच वर ढकललं. खिडकीजवळची जागा मिळाली. पोरीने काचेला हात लावला. बस हलली तशी तुळजाबाई तिच्याबरोबर चार पावलं चालली, आणि पोरगी पहिल्यांदा होस्टेलला गेली त्या दिवसापासून प्रत्येक वेळी ती जे ओरडायची ते तिच्या ओठावर आलं. पोचल्यावर फोन कर.

तिने ते गिळलं. तिला फार वाईट वाटलं, इतकं की तिथेच फूटपाथवर बसावंसं वाटलं. पोरगी पोचली की नाही हे आता भैरूला विचारायचं, आणि भैरू ते धड सांगू शकेल याची तिला मुळीच खात्री नव्हती.